गोष्ट नसलेलं दुखणं

गडचिरोलीतल्या एकाच घरातून मराठी वाचकाला आजारपणावरची दोन महत्त्वाची पुस्तकं मिळाली. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' २००० साली आलं. दुसरं डॉ. राणी बंग यांचं 'कानोसा'. त्याचं शब्दांकन करुणा गोखले यांचं आहे. पहिलं पुस्तक आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत चार-पाच घरांत सहज सापडेल. पन्नाशी ओलांडलेल्या काकांना वाढदिवसाला काय द्यायचं, या प्रश्नाचं ते वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर आहे. 'कानोसा' कुणी कुणाला वाढदिवसाला दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

दोन्ही लागोपाठ वाचली की आधी डोळ्यांत भरतं ते सर्वनाम. पहिल्या पुस्तकाचा पहिलाच शब्द 'माझा'. डॉक्टर स्वतः रुग्ण होतो, छातीत दुखतं, आयुष्याचा आढावा घेतला जातो, आहार-व्यायाम-ध्यान असं करत माणूस बदलतो. आजार ही त्याची कमाई होते. 'कानोसा'त दुखणं बायकांचं आहे आणि लिहिणारी डॉक्टर आहे. शीर्षकात सर्वनामच नाही. कानोसा आपण घेतो तो दाराबाहेरून, आत काय चाललंय त्याचा. राणीताईंनी तो फार निगुतीने घेतला आहे. पाळी, पांढरं पाणी, गर्भपात, नसबंदी, बाळंतपण याविषयी गावातल्या बाया काय समजतात, आणि जे समजतात ते कोणत्या शब्दांत बोलतात, हे त्यांनी आधी ऐकलं आणि मग औषधाची पिशवी उघडली. पुस्तकाचं मोठेपण त्या क्रमात आहे. तरीही दार मधे राहतंच. आतली बाई बाहेर येऊन 'माझं' म्हणत नाही.

या लेखातला माझा प्रश्न एवढाच आहे: मराठीत हृदयाला आत्मचरित्र मिळालं, कॅन्सरला मिळालं, मग ओटीपोटाला का नाही?

लाज, हे पटकन सुचणारं उत्तर आहे आणि ते मला पुरेसं वाटत नाही. लाज मराठीत बऱ्याच आधीपासून मोडलेली आहे. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७मध्ये सुरू झालं आणि १९५३मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला आणि १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. (गंमत अशी की ज्या १९२७ साली हे मासिक निघालं, त्याच वर्षी अमेरिकेत जॉन सॅम्पसन या डॉक्टरने पाळीचं रक्त उलटं पोटात जाऊन गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात, असा सिद्धांत मांडला. एंडोमेट्रिओसिस म्हणतात तो हाच आजार. आज शंभर वर्षं होत आली, आणि तो सिद्धांत अजूनही पूर्ण सिद्ध किंवा पूर्ण बाद झालेला नाही.) पुढे बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. त्यात महारवाड्यातल्या पोरसवदा सुनांची बाळंतपणं आहेत: उपाशी पोट, अडाणी हात, जखमा. मल्लिका अमर शेख यांनी १९८४च्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये लग्नातून आपल्याला मिळालेल्या गुप्तरोगाबद्दल नाव घेऊन लिहिलं. तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. यानंतरही लाजेचं कारण सांगायचं म्हणजे या बायांनी जे केलं ते न केल्यासारखं होतं.

पण या दोन पुस्तकांतलं दुखणं कसं येतं ते पाहा. बेबीताईंच्या इथे ते बाळंतपणाचं आहे. त्याला सुरुवात आहे, रात्र आहे, शेवट आहे. मूल जगतं किंवा मरतं, बाई जगते किंवा मरते. आणि सर्वनाम 'आमुचं' आहे, कारण ते एका बाईचं नाहीच, वस्तीचं आहे. मल्लिकाताईंच्या इथे दुखण्याला गुन्हेगार आहे. ते लग्नाच्या गोष्टीत एक पुरावा म्हणून येतं आणि त्या गोष्टीबरोबर पुढे सरकतं. दोन्हीकडे दुखण्याला कथानक मिळालेलं आहे. हृदयरोगाला तर ते जन्मजात आहे. झटका म्हणजेच घटना, त्याच्या आधीचा माणूस वेगळा आणि नंतरचा वेगळा.

ज्या दुखण्याबद्दल मी बोलते आहे त्याची वैद्यकातली सर्वसाधारण व्याख्या अशी: ओटीपोटात, कटिभागात सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकलेली वेदना. या व्याख्येत घटना कुठेच नाही, फक्त मुदत आहे. कारणं डझनभर असू शकतात. एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं अस्तर, जुना जंतुसंसर्ग, आपल्याकडे अजूनही दिसणारा जननमार्गाचा क्षयरोग, मूत्राशय, आतडी, कटितळाचे आखडलेले स्नायू, दबलेली नस. बहुतेकदा यातली दोन-तीन एकत्र नांदतात. आणि वेदना पुरेशी जुनी झाली की मज्जासंस्था स्वतःच हळवी होते. मूळ कारण काढून टाकलं तरी गजर वाजत राहतो. मरण सहसा येत नाही. बरं होणंही सहसा ठळक येत नाही. मंगळवारी दुखतं, बुधवारी दुखत नाही, गुरुवारी पुन्हा. याची कादंबरी कोण छापेल?

मराठी शब्द याला कमी पडतात असं मला वाटत नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२६च्या आपल्या निबंधात इंग्रजीबद्दल तक्रार केली होती की हॅम्लेटच्या विचारांसाठी या भाषेत शब्द आहेत, साध्या डोकेदुखीसाठी नाहीत. पुढे १९८५ साली इलेन स्कॅरी तिच्याही पुढे गेली: वेदना भाषेलाच मोडून टाकते, म्हणाली. विद्यापीठातल्या आपल्या समीक्षेत हे मत आता सुविचारासारखं येतं. पण माझ्या आजीला स्कॅरी भेटली असती तर तिने तिला जात्यावर बसवून शिकवलं असतं. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. चमक येते आणि जाते, रग भरून राहते. कळ उठते, मुरडा पडतो, गोळा येतो, शूळ उठतो. कंबर धरते, कंबर भरून येते, कंबर तुटते. या तिन्ही निरनिराळ्या कंबरा आहेत. ओढ लागते. अंग खाली आल्यासारखं होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅकने १९७५ साली वेदनेची प्रश्नावली बनवली. त्यात वीस गटांत अठ्ठ्याहत्तर विशेषणं आहेत, रुग्णाने आपली निवडायची. मी एका रविवारी बसून मराठी यादी करायला घेतली आणि दुपारच्या चहापर्यंत साठीला पोचले. फरक एवढाच की त्याची जवळजवळ सगळी विशेषणं आहेत आणि आपल्याकडे मुख्यतः क्रियापदं निघाली. मराठीत दुखणं काही ना काही करत असतं.

अडचण शब्दांच्या संख्येत नसून त्यांच्या नेमणुकीत आहे. 'कळा' आणि 'वेणा' बाळंतपणासाठी राखून ठेवलेल्या. बाळ नसताना कळा येतात म्हटलं की ऐकणारा गोंधळतो. 'ओटी' म्हणजे बेंबीखालचा हा भाग, आणि 'ओटी' म्हणजे त्यावर धरलेल्या पदराची खोळ, ज्यात तांदूळ-नारळ-खण पडतो. शरीराच्या ज्या जागेचं नावच 'भरण्या'शी बांधलेलं आहे, तिथे नुसतं दुखणं राहायला आलं तर भाषेत त्याला खोली नाही. गर्भाशयाला घरात 'पिशवी' म्हणतात. शब्द प्रेमळ आहे, पण पिशवीचं एक आहे: त्यात आणायचं सामान आणून झालं की ती घडी घालून ठेवतात किंवा टाकून देतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे 'कळ काढणे'. गाडी उशिरा आली, रांग लांब आहे, कुकरची शिट्टी व्हायची आहे, तर आपण एकमेकांना सांगतो, जरा कळ काढ. मराठीत धीर धरण्याचा अर्थच वेदना सोसणं असा आहे. त्याची मोठी बहीण 'अंगावर काढणे'. मावशीने दहा वर्षं अंगावर काढलं, हे आमच्या घरात आजही कौतुकाने सांगतात. तिची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली, हे त्याच वाक्याच्या शेवटी, पुरणपोळीत वेलची घालावी तितक्या सहज.

आता परत गडचिरोली. राणी आणि अभय बंग यांच्या चमूने दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तोवर स्त्रीरोगांची आकडेवारी म्हणजे दवाखान्यात आलेल्या बायांची आकडेवारी. इथे अभ्यासच गावात गेला. ५५ टक्के बायांची काही ना काही तक्रार होती. ४५ टक्के म्हणाल्या, काही त्रास नाही. तपासल्यावर ९२ टक्के बायांना एक किंवा जास्त आजार निघाले, सरासरी एका बाईमागे ३.६. निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. आधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के.

हे आकडे सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात शिकवतात. मला ते मजकूर म्हणून वाचावेसे वाटतात. ५५ आणि ९२ यांच्या मधे जी जागा आहे, तिथे बाई आहे. आजार आहे पण तक्रार नाही. त्यावर एक सोपा अर्थ असा लावला जातो की बाई अज्ञानी होती किंवा गप्प होती. 'कानोसा' हा अर्थ मोडून काढतं, आणि माझ्या मते ते त्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं वाङ्मयीन काम आहे. बाया गप्प नव्हत्या. त्यांच्याकडे शरीराचं एक पूर्ण वर्णन होतं, कारण-परिणामांसकट. तक्रार म्हणजे काय आणि बाईपण म्हणजे काय यांच्यातली रेघ त्यांनी वेगळ्या ठिकाणी ओढली होती. जे सगळ्यांनाच होतं त्याला कुणी आजार म्हणत नाही.

घाटकोपरमध्ये हे चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. इथे तक्रार आहे आणि आजार सापडत नाही. मला हे दुखणं सात वर्षं आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून. मी ते कधी लपवलं नाही. आईला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, तारखांसकट सांगितलं. उत्तर कागदावर आलं: नॉर्मल. सोनोग्राफीच्या काउंटरवरचा पहिला प्रश्न 'मॅरिड?' हा असतो. या शब्दाने त्यांना काय विचारायचं असतं ते त्यांना माहीत असतं आणि आपल्यालाही. 'नाही' म्हटलं की आतून करायची तपासणी बाद, मग लिटरभर पाणी पिऊन वरून फिरवलेली सोनोग्राफी. पोटाच्या पडद्यावर सांडलेले लहान डाग वरून दिसत नाहीत. खरं तर आतूनही सहजी दिसत नाहीत. म्हणजे लग्नाच्या रकान्यावरून तपासणी ठरली, तपासणीवरून रिपोर्ट ठरला, आणि रिपोर्टवरून ठरलं की मला काही झालेलं नाही. पुढचा सल्ला तुम्हाला पाठ असेल: लग्न झालं की बरं होईल, मूल झालं की नक्कीच. आमच्या कामात याला एक ठराविक शेरा आहे. ग्राहक सांगतो की बिघाड होतोय, तपासणारा म्हणतो की माझ्या मशीनवर होत नाही, आणि तिकीट बंद. बिघाड ग्राहकाच्या मशीनवर चालू राहतो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डाग निघाले, अगदी पहिल्या टप्प्याचे, मोजके. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार थोड्या जणींना सांगितली जाते: एंडोमेट्रिओसिसचा टप्पा आणि दुखण्याची तीव्रता यांचं गणित जुळत नाही. चौथ्या टप्प्याची बाई निवांत असू शकते आणि पहिल्या टप्प्याची जिन्यावर बसून राहू शकते. युरोपातल्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी तर निदानासाठी दुर्बिणीचा आग्रहच सैल केला. लक्षणांवरून उपचार सुरू करायला हरकत नाही असं आता मानतात. त्याआधी २०२० साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली. ऊतींना इजा झाली असेल किंवा नसेल, इजा झाल्यासारखा अनुभव पुरेसा आहे, आणि माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान ठेवला जावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं. मला हे वाक्य वैद्यकापेक्षा समीक्षेचं जास्त वाटतं. साक्षीला पुराव्याच्या बरोबरीने बसवणं हा मजकूर कसा वाचायचा याचा नियम आहे.

बीडचं प्रकरण या दोन्हींपेक्षा वेगळं आणि जास्त भयानक आहे, कारण तिथे बाईची तक्रार लगेच ऐकली गेली. २०१९ साली ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशभराचं हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला की दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत मोळ्या डोक्यावर. पोटात दुखतं, अंगावरून जातं, म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की तिला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. ज्या संसर्गावर गोळ्यांचा कोर्स पुरला असता त्यावर शस्त्रक्रिया. अंडाशयंही गेली तर तिशीत पाळी बंद, हाडं ठिसूळ. आणि दुखणं स्नायूचं, नसेचं किंवा मूत्राशयाचं असेल तर ते पिशवीबरोबर जात नाही, मागे राहतं.

या प्रकरणावरचं मराठी लेखन मी बरंच वाचलं. बहुतेक लेखांमध्ये एक वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते: गर्भाशय गमावलेल्या बायका, रिकाम्या कुशीच्या बायका, मातृत्व हिरावलेल्या बायका. संताप खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण वाचताना लक्षात येतं की त्यातल्या कितीतरी बायांना दोन-तीन मुलं होती, आणि त्या स्वतः पत्रकारांना सांगत होत्या ते कंबरेबद्दल, गुडघ्यांबद्दल, पूर्वीइतकी मोळी उचलत नाही याबद्दल, फेडायच्या कर्जाबद्दल. लेखकाला मात्र कूस दिसली. 'ओटी'चा अर्थ 'भरणे' असाच घ्यायची सवय इतकी मुरलेली आहे की बाईच्या बाजूने लिहिणाराही तिच्या दुखण्यावरून उडी मारून मातृत्वावर जाऊन बसतो. तिचं दुखणं पुन्हा कुणीच ऐकलं नाही. फक्त या वेळी दुर्लक्ष करणाऱ्याचा सूर हळवा होता.

मग असं दुखणं लिहायचं कसं? दुखणं घेऊन जगण्याचा जो भाग आहे तो साक्षात्काराच्या जवळपासही जात नाही. रोज एक डायनोजेस्टची गोळी, तीही ठरल्या वेळी. गरम पाण्याची पिशवी (पुन्हा पिशवीच). कटितळाचे स्नायू सैल करायची फिजिओथेरपी. तिथे कळलं की सात वर्षं मी 'कळ काढत' होते म्हणजे नक्की कोणते स्नायू आवळून धरत होते. पन्नास मिनिटांनी खुर्चीतून उठायचं. मेट्रोने अंधेरीला जाताना घाटकोपरच्या पुलावर सकाळी पावणेनऊची गर्दी टाळायची म्हणून आठ वाजता निघायचं. मेफ्टाल पर्समध्ये ठेवायची पण शेंगदाण्यासारखी खायची नाही. तिच्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडच्या क्वचित पण गंभीर ॲलर्जीबद्दल नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने सावध केलं, तरी ती अजून शेजारणीच्या सल्ल्याने मिळते. इंग्रजीत याला मॅनेजमेंट म्हणतात. आपल्याकडे 'पथ्य' हा जुना शब्द आहे आणि तो मला जास्त अचूक वाटतो, कारण त्यात बरं होण्याचं आश्वासन नाही. पथ्य पाळतात, जन्मभरही पाळतात.

फिजिओथेरपिस्टने मला वेदनेची वही ठेवायला सांगितली. त्यातलं एक पान असं आहे:

सोम. डावीकडे, हाडाच्या आत. ठसठस. ३. उभं राहिल्यावर कमी.
मंगळ. काही नाही.
बुध. काही नाही. पण दिवसभर वाट बघितली.
गुरु. जिन्यावर चमक. ७. दहा सेकंद.
शुक्र. ओढ. ४. जेवणानंतर जास्त.
शनि. ओढ. ४.
रवि. ओढ. ४. आई म्हणाली चेहरा बरा दिसतोय.

वाङ्मय म्हणून याला काही दर्जा नाही, हे मला मान्य आहे. पण असल्या मजकुराचा एक पूर्वज मराठीत आहे असं मला वाटतं, आणि तो आत्मचरित्र नाही. तो जात्यावरची ओवी. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमा करवल्या, आणि २०१७पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणांसकट येत आहेत. ओवीला कथानक लागत नाही. रोज पहाटे तेच जातं, तोच खुंटा, तोच चाळा. एक ओवी संपली की दुसरी पहिल्या ओळीच्याच आधाराने उभी राहते. पुनरावृत्ती हा तिचा दोष नाही, तिचा पाया आहे. ज्या दुखण्याला आदि-अंत नाही ते ठेवायला इतका योग्य आकार आपल्याकडे आधीच होता, आणि तो घडवणाऱ्या बाया दळताना कंबर भरून आलेल्याच बसत असणार. आपण त्यांच्या ओव्यांमध्ये माहेर शोधलं, भाऊ शोधला, सीता शोधली. शरीर शोधत त्या संग्रहातून सलग जाणं ही कुणातरी संशोधक मुलीने करण्यासारखी गोष्ट आहे, साहित्याच्या आणि वैद्यकाच्या, दोन्ही विभागांच्या पैशाने.

'कानोसा'बद्दल माझी एक तक्रार उरते. पुस्तक आजारांच्या आणि प्रसंगांच्या भोवती रचलेलं आहे, आणि तसं ते असणं समजण्यासारखं आहे. डॉक्टर बाईकडे काहीतरी झालं म्हणूनच बाई येते. पण त्यामुळे ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवस पुस्तकात येत नाही. तपासून आणि औषध घेऊन घरी गेलेली बाई पुढच्या मंगळवारी कशी होती, याची नोंद करायला कुणी नसतं, तिच्याशिवाय. असं पुस्तक एखाद्या बाईने लिहिलं तर त्यात बरीच पानं सारखी निघतील. संपादक म्हणतील की मधली शंभर पानं काढा, काही घडत नाहीये. त्यांनी ती काढू नयेत.